उजवा कान, डावा कान

अण्णा, ते दोन उंदीर मी बदलले.

हे वाक्य मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही. बायकोपुढे नाही, आपल्या संचालक मॅडमपुढे नाही. देवापुढे हात जोडले तरी एवढं गिळून पुढचं मागायला लागायचो. सात वर्षं झाली. आता तुम्ही ऐकायला नाही आणि मला ते लिहायला जमतंय, यातच मी कसला माणूस आहे ते आलं.

आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर दोन पानं द्या म्हणाले. गणपतीच्या मांडवातले दिवे इतकी वर्षं तुम्हीच लावलेत, त्यामुळे तिथे तुम्हाला सगळेच ओळखतात. "तुम्ही त्यांच्याबरोबर नोकरी केलीत, तुम्ही मनापासून लिहाल," असं सेक्रेटरी म्हणाले. मनापासून लिहितोय. जन्म, शिक्षण, मागे कोण कोण, हे दुसरं कुणी लिहील. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की पीण्या नावाच्या उद्योगवसाहतीतल्या कारखान्यांची रांग जिथे संपते तिथे आमची संस्था आहे. औषधं आणि लसी माणसाला देण्याआधी ज्यांच्यावर तपासतात ते उंदीर, ससे, गिनिपिग तिथे वाढवतात. तुळजाराम अण्णा तिथल्या प्राणिगृहातले सगळ्यात जुने सेवक, आणि मी त्यांचा साहेब. कागदावर.

पहिला दिवस आठवतो. मी नागपूरहून आलेला, पशुवैद्यकाची पदवी घेतलेला, कन्नडचा एक शब्द येत नाही. तुम्ही दारातून माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "मराठीच की हो आपण? मग कशाला भ्यायचं?" तुमची मराठी ऐकून मला हसू आलं होतं. तिच्यात निम्मं कन्नड, आणि निम्मं असलं जुनं की आमच्याकडे आजोबासुद्धा तसं बोलत नसतील. "आमचं घराणं शहाजीराजांबरोबर आलं सर, तुम्ही स्वल्प उशिरा आलात," असं तुम्ही वर म्हणालात. त्या रविवारी चिकपेटेच्या मागच्या गल्लीतल्या तुमच्या घरी तुमच्या मंडळींनी, अक्कांनी, मला चित्रान्न आणि होळगे वाढले. होळगे म्हणजे आपली पुरणपोळीच, हे मला ताटावर बसल्यावर कळलं. परक्या गावात मला पहिला पोटभर घास तुमच्या घरी मिळाला. हे आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला वाटू नये की तुम्ही माझं काही वाईट केलं होतंत.

तुम्ही काहीच केलं नव्हतंत. तुमचे हात तसे होते, एवढंच.

उंदीर धरायला तुम्ही मला शिकवलंत. पिंजऱ्यात हात घालायच्या आधी तुम्ही त्यातलाच मूठभर भुसा दोन्ही तळव्यांना चोळायचात. "साबणाचा वास त्यांना चालत नाही सर. घरात परका आला असं वाटतं." मग शेपटीच्या मुळाशी दोन बोटं, आणि ते जनावर तुमच्या मनगटावर येऊन बसायचं, जणू रिक्षात बसलंय. मीही भुसा चोळला. कुणी बघत नाही असं पाहून चोळला. मला चावले. माझ्या हाताला चावल्याच्या खुणा आहेत, अण्णा, तुमच्या हाताला एकही नव्हती. मी ती तुमच्या हातावर शोधली आहे. तिरडीवर तुमचे हात छातीवर ठेवले होते, तेव्हाही शोधली.

नुकत्याच व्यालेल्या मादीचा पिंजरा मी उघडला की दुसऱ्या दिवशी तिने दोन-तीन पिल्लं खाल्लेली असायची. तुम्ही उघडला की ती उठायचीसुद्धा नाही. मॅडम प्राणिगृहात आल्या की माझा अहवाल हातात घेऊन म्हणायच्या, "बरं. अण्णा काय म्हणतात?" अहवाल वाचायच्या आधीच विचारायच्या. एकदा परदेशातून पाहुणे आले. मी अर्धा तास इंग्रजीत सगळं समजावलं, आणि जाताना त्यांनी हात मिळवला तो तुमच्याशी. तुम्ही लाजून हात लुंगीला पुसलात आणि मग पुढे केलात. त्या पुसण्याचासुद्धा मला हेवा वाटला. मला तसं लाजता आलं असतं तर लोकांनी माझाही हात धरला असता, असं काहीतरी मनात आलं होतं.

घरीही तेच. बनशंकरीला माझ्याकडे तुम्ही एकदा आलात, तासभर बसलात, आणि नंतर महिनाभर बायको म्हणत होती, "अण्णांसारखं बोलायला शिका जरा. माणूस किती मोकळा!" मी मोकळा नव्हतो. मी गप्प राहायचो आणि सगळं आत साठवायचो.

आपल्या खोलीत दोन पांढरी घराणी होती. घराणं हा तुमचाच शब्द. एक खिडकीकडच्या मांडणीवर, एक दाराकडच्या. दिसायला सारखी: पांढरं अंग, लाल डोळे. पण खिडकीकडचं घराणं संस्थेची शान होतं. वीसच्या वर पिढ्या सख्ख्या बहीण-भावांचीच जोडी लावत तुम्ही ते शुद्ध ठेवलं होतंत, म्हणजे त्यातला कुठलाही उंदीर दुसऱ्याची तंतोतंत नक्कल. देशभरातून त्याला मागणी होती. "यांची सोयरीक घरातल्या घरात सर, हुंड्याची भानगड नाही," असं तुम्ही पाहुण्यांना सांगायचात आणि मला त्याचं इंग्रजी करावं लागायचं. ते कधी नीट झालं नाही.

उंदराला नंबर द्यायचा तो कानावर. छोट्या चिमट्याने कानाच्या कडेला खाच पाडायची. तुमची जुनी पद्धत अशी, की डाव्या कानावरच्या खाचा दशकाच्या, उजव्या कानावरच्या एककाच्या. डाव्यावर एक आणि उजव्यावर दोन म्हणजे बारा. पंचवीस वर्षं ती पद्धत चालली होती. तुम्ही नुसता पिंजरा उघडून, उंदीर न उचलता नंबर सांगायचात.

मी ती पद्धत बदलली.

त्या वेळी कारण सांगितलं, की बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत उलटी पद्धत आहे, डावा एकक आणि उजवा दशक. तशी ती कुठेतरी असेलही. खरं कारण आज लिहितो. मला तुमचं ते पिंजऱ्यात बघून नंबर सांगणं बंद करायचं होतं. त्या खोलीत असं काहीतरी हवं होतं जे मला येतं आणि तुम्हाला नव्याने शिकावं लागतं.

तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत. म्हणालात, "सरी सर, ठीक आहे. नवीन पिल्लांना नवी पद्धत लावतो. पण जुने उंदीर संपेपर्यंत थांबूया की. एका खोलीत दोन पद्धती म्हणजे घोटाळा होतो."

"अण्णा, तुम्हाला कठीण जातंय का?"

"मला नाही सर. हात कधीतरी दुसऱ्याचाही लागतो ना."

तो दुसरा म्हणजे कोण ते तुम्ही बोलला नाहीत. मी म्हटलं, आजपासून. तुम्ही चिमटा घेतलात आणि आजपासून केलंत.

आता तो दिवस. तुमच्या मुलीचा, सुशीलाचा, साखरपुडा कोलारला ठरला. तुम्ही रजेचा अर्ज घेऊन आलात आणि मी तो परत केला. "अर्ज कशाला? दोन दिवसांचा तर प्रश्न. जा तुम्ही, मी बघतो. हजेरीवर सही आल्यावर करा." तुमचे डोळे भरून आले. तुम्ही माझे दोन्ही हात धरलेत. "सर, अर्जाने रजा कापतात. पुढे लग्नाला लागेल. तुम्ही वाचवलीत." चार महिने सगळ्या संस्थेला सांगत होता, रजेचं नाव न काढता, सर किती भले आहेत ते.

मला तुम्ही तिथे नको होता, अण्णा. दोन दिवस ती खोली मला एकट्याला हवी होती. तुम्ही नसताना ती जनावरं माझ्या हातावर बसतात का, ते बघायचं होतं.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी पिंजरे धुवायचे होते. तुमचा नियम होता: एका वेळी एक पिंजरा, एका हातात कार्ड, एका हातात उंदीर, तिसरं काही नाही. मी दोन पिंजरे एकदम घेतले. एक खिडकीकडचा, त्यात जोडी लावायला वेगळा काढलेला नर, बारा नंबर. दुसरा दाराकडचा, तसाच नर, एकवीस नंबर. हात मोकळे राहावेत म्हणून दोन्ही कार्डं कोटाच्या खिशात टाकली. स्वच्छ पिंजऱ्यांत उंदीर ठेवले, कार्डं काढली, आणि कुठलं कुणाचं ते कळेना. मग कान बघितले. डाव्यावर एक, उजव्यावर दोन. मी माझ्या पद्धतीने वाचलं: एकवीस. दुसरा उचलला. डाव्यावर दोन, उजव्यावर एक: बारा. कार्डं लावली. दोघेही जुने उंदीर होते, त्यांचे कान तुम्ही तुमच्या पद्धतीने टोचले होते, हे त्या दोन मिनिटांत माझ्या डोक्यात आलंच नाही. दाराकडचा एकवीस खिडकीकडे गेला. त्याच दुपारी मी त्याला तिथल्या माद्यांबरोबर सोडलं. तो माझ्या मनगटावर बसला होता, अण्णा. चावला नाही. मी त्या आनंदात होतो.

इथपर्यंत चूक होती. चूक माणसाकडून होते. पुढचं चूक नव्हतं.

तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी कोलारहून थेट आलात, कपाळावर अक्षता तशाच, हातात माझ्यासाठी पेढ्यांचा पुडा. सवयीने मांडणीवरून नजर फिरवलीत आणि थांबलात.

"सर, हा दाराकडचा एकवीस. खिडकीत कसा आला?"

मला त्याच क्षणी कळलं. तरी म्हणालो, "नव्या पद्धतीने बारा होतो."

"नव्याने होतो की. पण हा जुना गडी. याचा कान मीच टोचलाय."

"कार्ड वाचा."

"कार्ड वाचलं सर. कान पण वाचला." मग तुम्ही आवाज खाली आणलात, कुणी ऐकू नये म्हणून, माझ्यासाठी. "कालच सोडलाय ना? आत्ता काढू. माद्या वेगळ्या ठेवू, पिल्लं झाली तर बाजूला करू. आयतु, झालं काम. कुणाला काही कळायचं नाही."

एवढं सोपं होतं. तुम्ही पिंजऱ्याकडे हात नेलात, आणि मी तो हात बघितला. भुसा चोळलेला. चावल्याची एक खूण नसलेला. तो हात माझी चूक उचलून बाहेर काढणार होता आणि वर कुणाला सांगणारही नव्हता. मला ते सहन झालं नाही.

"अण्णा, हात काढा. साहेब मी आहे. तुम्हाला नवी पद्धत कळत नाही म्हणून मी चुकलो असं ठरवू नका."

तुम्ही हात काढलात. "सरी सर," म्हणालात. पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवलात. शनिवारी आठवड्याच्या सगळ्या सह्या एकदम करायची आपल्याकडे पद्धतच होती, तशा तुम्ही धुलाईच्या वहीत केल्यात. त्यात त्या दिवसाचीही सही आली. मीच वही तुमच्यापुढे सरकवली होती.

पेढे मी घरी नेले नाहीत. ते बसस्टॉपवर एकट्यानेच खाल्ले. छान होते.

पुढचे आठ-नऊ महिने मी रोज ती मांडणी बघायचो. पिल्लं झाली, पांढरीच झाली, त्यांना पिल्लं झाली. तुम्ही दर नव्या जोडीच्या वेळी माझ्याकडे एकदा बघायचात आणि कार्ड लिहायचात. मी बघत नाही असं दाखवायचो.

मग मॅडमनी घराण्याची शुद्धता तपासायला सांगितली. एका उंदराच्या पाठीची चिमूटभर कातडी दुसऱ्याच्या पाठीवर लावायची. घराणं एक असेल तर ती रुजते, नसेल तर दहा-बारा दिवसांत काळी पडून गळते. अकराव्या दिवशी सकाळी मी पट्टी सोडली. काळी पडली होती. दुसऱ्याची सोडली, तीही. तुम्ही बाजूला उभे होता. माझ्या हातातून कात्री घेतलीत आणि पुढची पट्टी तुम्हीच सोडलीत.

चौकशी झाली. मॅडमच्या टेबलावर धुलाईची वही, जोड्यांची कार्डं, सगळं तुमच्या अक्षरात. जोडी कधी बिघडली असेल ते पिढ्या मोजून त्यांनीच काढलं. तारीख नेमकी निघाली.

"अण्णा, ही सही तुमची?"

"माझीच मॅडम."

"त्या दिवशी पिंजरे तुम्ही धुतलेत?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मला अजून ते बघणं दिसतं. त्यात राग नव्हता, धमकी नव्हती. एखाद्याला दारातून आधी जायला वाट करून द्यावी तसं होतं. मला दोनच शब्द बोलायचे होते, ‘मी धुतले.’ पंख्याची पाती फिरत होती. मी वहीकडे बघत राहिलो.

"सही माझी आहे मॅडम," तुम्ही पुन्हा म्हणालात.

एवढंच. खोटं तुम्ही तेव्हाही बोलला नाहीत. मॅडमना ते कळलं नाही, त्यांचे डोळे पुसणं चाललं होतं. रजेचा अर्ज कुठे नव्हता. हजेरीपटावर तुमची हजेरी होती. तुम्ही कोलारला होता हे सांगितलं असतंत तर खोट्या हजेरीत दोघे अडकलो असतो, आणि ती सवलत मी तुमच्यासाठी केली, असं तुम्ही अजूनही मानत होता. उपकार केल्यासारखा जो सापळा मी लावला, तो लावताना मलाही तो सापळा वाटला नव्हता. पण मिटला तेव्हा मी बाहेर होतो.

खिडकीकडचं सगळं घराणं मारावं लागलं. ते काम मी शिकाऊ माणसांकडून करून घेणार होतो. तुम्ही म्हणालात, "नको सर. परक्या हातात घाबरतील." दिवसभर एकेक पिंजरा घेऊन तुम्ही मागच्या खोलीत जात होता आणि रिकामा आणून धुऊन उपडा घालत होता. एका वेळी एक. एका हातात कार्ड. जेवायच्या सुट्टीत मी डोकावलो तेव्हा तुम्ही तळव्यांना भुसा चोळत होता. त्यांना मारायच्या आधीही, अण्णा. मी त्या दारात उभा होतो, आणि खरं सांगू, मला शरम वाटायच्या आधी हेवाच वाटला.

तुम्हाला खाद्याच्या खोलीत पाठवलं. तिथे मका, सोयाबीन दळून उंदरांच्या गोळ्या बनवतात. पिठाची धूळ अशी की भिंत दिसत नाही. त्या वर्षी आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, प्राणिगृहातला कान टोचायचा चिमटा मी मांडला. तो मांडायचा मान दरवर्षी तुमचा. तुम्ही त्याला झेंडूचं एकच फूल वाहायचात, आणि त्या दिवशी एकाही जनावराला प्रयोगासाठी बाहेर जाऊ द्यायचा नाहीत, मॅडमनी सांगितलं तरी. मी हार घातला. चिमटा हाराखाली दिसेनासा झाला. मॅडम आल्या, बघितलं, म्हणाल्या, "अण्णा कुठे आहेत?" तुम्ही तिकडे दळायच्या यंत्राला कुंकू लावत होता.

आता खोली माझी होती. उंदीर माझे होते. मला चावतच राहिले.

यानंतर तीन वर्षांनी संस्थेचा वर्धापन आला आणि इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. माझ्याकडे इतिहास कुठला? अर्जांच्या फायली आणि चार फोटो. इतिहास तुमच्याकडे होता. महिनाभर रोज दुपारी मी खाद्याच्या खोलीत येऊन गोणीवर बसायचो आणि तुम्ही सांगायचात. लस बनवायला घोडे ठेवायचे तेव्हाचा तबेला. त्या घोड्यांचं गवत कापायला तुम्ही लागलात ते दिवस. माकडं परदेशी धाडायची बंद झाली त्या आठवड्यात रिकाम्या पिंजऱ्यांची दारं वाऱ्याने कशी वाजायची ते. पहिल्या गिनिपिगांना थंडी लागू नये म्हणून अक्कांनी जुन्या साड्यांच्या गाद्या शिवल्या ते. तुम्ही खोकत खोकत सांगायचात, मध्येच हसायचात. मी भराभरा लिहून घ्यायचो, आणि मनात म्हणायचो, याला हे सगळं आठवतं कसं, आणि मला हे का मिळालं नाही.

शेवटच्या दिवशी तुम्ही म्हणालात, "एक गोष्ट लिहू नका सर."

"कुठली?"

"एकवीस नंबरची." तुम्ही गोणीचं तोंड बांधत होता, वर बघितलं नाहीत. "कशाला म्हणून? पुस्तक राहतं. आपण जातो."

तुम्ही मला वाचवत होता. दुसऱ्यांदा. सगळं गमावून बसलेला माणूस पिठाने पांढरा होऊन गोण्या बांधतोय आणि मला वाचवतोय. मी घरी आलो आणि त्याच संध्याकाळी ती गोष्ट लिहिली. पुस्तक इंग्रजीत आहे. मराठीत सांगायचं तर ते वाक्य असं: ‘एका जुन्या सेवकाच्या हलगर्जीपणामुळे संस्थेने आपलं सर्वांत मौल्यवान घराणं गमावलं.’ एवढ्या पुस्तकात तुमच्याबद्दलचं हे एकच वाक्य आहे. नाव कुठेच नाही. घोडे आहेत, माकडं आहेत, साड्यांच्या गाद्यासुद्धा आहेत. त्या ‘कर्मचाऱ्यांच्या कुटुंबीयांनी’ शिवल्या.

प्रत हातात घेऊन तुम्ही विचारलंत, "मला इंग्लिश कुठलं सर. माझ्याबद्दल स्वल्प काही आहे?"

"आहे अण्णा. बरंच आहे."

तुम्ही पुस्तक कपाळाला लावलंत.

आता ऑफिसात सगळ्यांना एकच काळजी आहे, की दोन हजार साल लागलं की संगणकातल्या नोंदी पुसल्या जातील. रोज कुणीतरी कागदावर छापून ठेवा म्हणतं. माझी भीती उलटी आहे. छापलेलं जात नाही.

तुम्हाला जाऊन महिना झाला. डॉक्टर हृदय म्हणाले. मी धूळ म्हणतो.

तेराव्याला मी घरी आलो. चिकपेटेची ती गल्ली चपलांनी भरलेली. एवढी माणसं माझ्याकडे येणार नाहीत, हाच पहिला विचार आला. हे लिहितानाही लाज वाटते, पण आता काही ठेवायचं नाही. अक्कांनी मला आत बसवलं. म्हणाल्या, "तुमचं नाव घेतल्याशिवाय त्यांचा दिवस जायचा नाही. उंदरांच्या केसांनी शिंका यायच्या त्यांना, म्हणून तुम्हीच की नाही त्यांना दुसऱ्या खोलीत दिलंत. म्हणायचे, सरांनी माझी काळजी घेतली."

शिंका. तुम्हाला आयुष्यात कधी उंदरांनी शिंक आली नव्हती, अण्णा. घरी जाऊन तुम्ही हे सांगितलंत. सहा वर्षं सांगत राहिलात.

मग सुशीलाने देवाच्या फळीवरून पुस्तक काढलं. जरीच्या खणात गुंडाळलेलं. ती आता के. आर. पुरमला असते, बँकेत आहे, इंग्रजी चांगलं वाचते. "सर, बाबांचं नाव कुठल्या पानावर आहे? पाहुण्यांना वाचून दाखवायचंय. मी दोनदा वाचलं, मला सापडत नाही." मी पुस्तक हातात घेतलं, पानं उलटली. ती माझ्या खांद्यावरून बघत होती. तिचं बोट नेमकं त्या ओळीवर आलं.

"आणि हा कोण, सर? हा हलगर्जी सेवक? बाबा एवढी वर्षं तिथे होते, त्यांनी कधी सांगितलं नाही याच्याबद्दल."

त्या ओळीत तारीख आहे, अण्णा. दिवस, महिना, साल. मीच घातली, पुरावा पक्का दिसावा म्हणून. तिच्या दोन दिवसांच्या साखरपुड्यातला दुसरा दिवस. तिने अजून ती तारीख नीट बघितलेली नव्हती. साऱ्या जगात ती एकटीच आहे, जी नुसती तारीख वाचून सांगू शकते की त्या दिवशी तिचे बाबा कोलारच्या मांडवात पाहुण्यांना पान देत होते.

"जुनी गोष्ट आहे," मी म्हणालो. "जेवणं होऊ देत. मग सांगतो."

जेवणं झाली. वाढायला तुमचा जावई होता. मी हात धुतले, अक्कांना नमस्कार केला आणि निघालो. सुशीला दारापर्यंत आली. "सर, सांगणार होता," म्हणाली. मी चपला शोधत होतो. मी म्हटलं, पुन्हा येईन.

अंक छापून यायला दोन आठवडे आहेत. तिने हे छापलेलं वाचून कळून घ्यावं, असं मला नको आहे. तसं झालं तर मी पुन्हा कागदामागे लपलो असं होईल. पुस्तकातली ओळ दुरुस्त करा म्हणून मॅडमना पत्र लिहिलंय. ते मी निवृत्त झालेल्या मॅडमच्या हातातच देणार आहे, टपालाने नाही. पण ते नंतर. आधी तुमच्या घरी जायचंय.

सुशीलाने मला विचारलं आहे की तो सेवक कोण. तिला मी अजून उत्तर दिलेलं नाही. ते मी देणं लागतो.